भांडी पाच, अळ्या शून्य

सटवाच्या दाराला कुलूप होतं, अंगणात चिटपाखरू नव्हतं, आणि भिंतीवरचा गेरू ओला होता. राधाकिशनने बोट लावून पाहिलं तर बोट लाल झालं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दिवाळी सरली की ही अख्खी आळी टोळीबरोबर ऊस तोडायला निघून जाते. लेकरंबाळं, कोंबड्या, तवा-परात सगळं ट्रॅक्टरवर लादून. मागे उरतात ती कुलपं आणि अंगणातली भांडी. भांड्यांत पाणी राहतं, पाण्यात अळ्या होतात, आणि माणसं नसलेल्या घरांतले डास माणसं असलेल्या घरांत जातात. म्हणून दर शुक्रवारी, कोरड्या दिवशी, राधाकिशन आरोग्य सेवकाची पिशवी खांद्याला अडकवून कुलूपबंद अंगणांतूनही फिरायचा. पाणी दिसलं की ओतायचं, भांडं उपडं घालायचं आणि भिंतीवर गेरूने लिहायचं: तारीख, पाहिलेली भांडी, अळ्या निघालेली भांडी, खाली सही. अठ्ठावीस वर्षं हेच काम. गाव त्याला डासमास्तर म्हणायचं, त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

आळी रिकामी झाल्यानंतरचा हा पहिलाच शुक्रवार, आणि त्याच्या आधीच कुणीतरी येऊन गेलं होतं. पत्र्याचं टिपाड उपडं होतं. रांजण आतून फडक्याने पुसल्यासारखा कोरडा. कोंबड्यांचं पाण्याचं खापरसुद्धा पालथं. आणि भिंतीवर लिहिलेलं: '१४/९. भांडी ५. अळ्या ०. रा.'

सटवाच्या अंगणात भांडी तीनच होती. महिना नोव्हेंबरचा होता. आणि अक्षर राधाकिशनचं होतं. नवाचं शेपूट खाली ओढायची खोड, 'रा'च्या पुढचा लपेटा, सगळं जसंच्या तसं. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

तो शेजारच्या अंगणात गेला. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. भांडी पालथी, भिंत लाल, चौदा सप्टेंबर. आळीत इतकी शांतता होती की पिशवीतली बॅटरी औषधाच्या डबीवर आपटली तरी तो दचकत होता.

दुसऱ्या कुणाला ती नुसती तारीख वाटली असती. सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी चाळीस घरं पालथी घालून तो आपल्या दाराशी आला होता. आपलंच तर घर, बायको चोख, त्यात बघायचं काय, असं म्हणून त्याने उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच भिंतीवर लिहून टाकलं: भांडी ५, अळ्या ०. बायकोने, सत्यशीलेने, चुलीपासून विचारलं, मागचा रांजण बघितला का. तो म्हणाला, बघितला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पंधरवड्यात अकरा वर्षांची लेक बबिता तापाने फणफणली. पाचव्या दिवशी ताप उतरला, घराचा जीव भांड्यात पडला, आणि सहाव्या दिवशी बीडच्या वाटेवर पोर गेली. मग तालुक्याची माणसं आली. मागच्या रांजणात त्यांना अळ्याच अळ्या सापडल्या. सत्यशीला सगळ्यांसमोर म्हणाली, ह्यांनी बघितलं तेव्हा चोख होतं, मागून मीच झाकण टाकायचं विसरले.

राधाकिशनने तोंड उघडलं नाही. त्या वेळी जे उघडलं नाही ते पुढेही उघडेना. सहा वर्षं बायको लेकीचं मरण आपल्या माथ्यावर घेऊन वावरली आणि त्याने तिला वावरू दिलं. घराच्या भिंतीवरच्या त्या खुणेवर त्याने तीनदा चुना फासला होता. दरवेळी महिन्याभरात चुन्यातून गेरू वर यायचा.

आळीत एकटी भिवराबाई ओट्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून घरच्या माणसांनी तिला मागे ठेवलेली. राधाकिशनने विचारलं, इकडे कोण फिरतंय.

"तुजी लेक की," म्हातारी म्हणाली. "आत्ताच गेली वरल्या अंगाला. भांड्यात वाकून वाकून बगती. लई येळ बगती."

"काकू, बबिताला जाऊन सा वरसं झाली."

"ठाव हाय मला. म्हनून तर म्या हाक न्हाई मारली."

राधाकिशन वरच्या अंगाला गेला. शेवटच्या घराच्या अंगणात बारीक अंगाचं कुणीतरी रांजणात मान घालून वाकलं होतं. डोक्याला निळा स्कार्फ. तो स्कार्फ त्यानेच तेलगावच्या बाजारातून लेकीला आणला होता. त्याच्या तोंडून बबिताचं नाव निघून गेलं.

ती सरळ झाली. सत्यशीला होती. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात लिहायची काडी, पायाशी गेरूचं डबडं. तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं; रांगोळी गिरवावी तशी ती अक्षरं गिरवत होती. त्याने विचारलं, हे कशासाठी.

"सटवाची बायकू जाताना म्हनली, माघारी अंगनाकडं बघ. म्हनून आले, मग पुढं ऱ्हाववलंच न्हाई." ती भिंतीकडे पाहत होती. "मला एवढंच लिवता येतं, आपल्या भितीवरलं. तुमी चुना मारला की मीच परत गिरवायची. त्या दिशी घर चोख व्हतं आपलं. तुमी सवता बघितलं व्हतं. मागनं मी घान केली. हितं तरी तसंच ऱ्हाऊ दे."

राधाकिशन पालथ्या टिपाडावर बसला. आता गप्प बसलो तर जन्मभर गप्प, हे त्याला कळत होतं.

"म्या बघितलं न्हवतं," तो म्हणाला. "दारातूनच लिवलं. रांजनापातूर गेलोच न्हाई."

सत्यशीलेने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने काडी डबड्यात टाकली, पदराला हात पुसले आणि घराकडे चालू लागली. तो मागोमाग गेला. भिवराबाईने पावलांचा आवाज ऐकून मान वळवली, पण कोण आहे ते विचारलं नाही.

आपल्या भिंतीपाशी सत्यशीला थांबली नाही. सरळ परसात गेली, रांजणावरचं झाकण काढलं आणि त्याच्या पिशवीतली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली.

"बघा."

राधाकिशन वाकला. सहा वर्षांत या रांजणात त्याने मान घातली नव्हती. पाणी नितळ होतं. त्याने कडेकडेने उजेड फिरवला, तळ पाहिला, पुन्हा कड पाहिली. कानापाशी एक डास गुणगुणला आणि गेला.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई. चोख हाय."

झाकण तिने हातातच धरलं होतं.

"परत बघा," ती म्हणाली.

राधाकिशन परत वाकला.