खरातांच्या ओळीखालची चौकट

मी एक जुनी चौकट आहे. मित्रांनो, संगणकाच्या तक्त्यातली एखादी ओळ माउसने धरून ओढली, की बाणाच्या मागे एक छोटी पाटी लटकत जाते. तीच मी. ओळ सोडली की मी नाहीशी होते. माझं आयुष्य तेवढंच, पण ते पुन्हा पुन्हा मिळतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका कंपनीत झाला. घडवणाऱ्याने मला गोल कोपरे दिले, मंद सावली दिली आणि माझ्यावर फक्त आडनाव लिहिलं. सगळ्यांनी वाहवा केली. मग मी वाटूरला आले, भालचंद्र सरांच्या हार्वेस्टरच्या ऑफिसात. सोयाबीन काढायला मशीन कोणाच्या वावरात कधी जाणार, ते इथल्या तक्त्यात ठरे. ओळ वर नेली की पाळी आधी, खाली नेली की मागे.

आता गंमत पाहा. या भागात भावकी मोठी. तक्त्यात निम्मे लोक खरात. मी दिवसभर 'खरात, खरात' अशी मिरवत फिरे आणि मला त्याचं काहीच वाटत नसे.

एका सकाळी रखमाजी खरातांचा फोन आला. "सर, माझ्या शेंगा हिरव्या हायेत. मला शेवटी टाका." सरांनी ओळ धरली. हात जरासा चुकला आणि वरची ओळ हातात आली. ती गोजरबाई खरातांची होती. माझ्यावर 'खरात' दिसलं, सरांचं समाधान झालं. गोजरबाई तळाशी गेल्या.

मशीन त्यांच्या बांधावरून पुढे निघून गेलं. उन्हाने शेंगा तडकू लागल्या, तेव्हा त्या ऑफिसात आल्या.

"सर, मला मागं का टाकलं?"

"मावशी, खरातांचाच फोन आल्ता ना, शेवटी टाका म्हणून?"

"मी न्हाई केल्ता. माझं सोयाबीन भुईवर सांडून राह्यलंय!"

सॉफ्टवेअर बघायला जालन्याहून आलेली अक्षता तिथेच चहा पीत होती. तिने विचारलं, "सर, ओळ ओढताना नाव बघितलं होतं का?"

"बघितलं की! खरात होतं. बिलकुल बराबर."

अक्षताला हसू आलं नाही. तीही खेड्यातलीच. इकडे प्रत्येक वावराला नाव असतं, आणि मशीनवाला त्याच नावाने वाट विचारतो, हे तिला ठाऊक होतं. तिने कप बाजूला ठेवला आणि नुसत्या आडनावाऐवजी ज्याची ओळ त्याचं नाव आणि वावर माझ्यावर येईल असं केलं. मग गोजरबाईंची ओळ धरली, तर माझ्यावर उमटलं: 'गोजरबाई, चिंचेचं वावर'. मला पहिल्यांदा कळलं, की मी कोणाला तरी घेऊन जाते आहे. फार वाईट वाटलं.

सरांनी लगेच ती ओळ वर ओढली. मशीन माघारी वळलं. पण निम्मं पीक तोवर मातीत गेलं होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला सजवा किंवा सजवू नका, पण माझ्यावर पुरतं नाव लिहा आणि ते वाचून मगच बोट उचला. अक्षताचं काम चहा निवायच्या आत झालं होतं. गोजरबाईंची दिवाळी मात्र वावरात दाणे वेचण्यात गेली.