डाव्या बाजूची सीट

गाडीत पाच पेडल होते. तीन उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाशी. दोन डावीकडे, शिकवणाऱ्याच्या. आरसे चार, आत दोन आणि बाहेर दोन. हॉर्न एक, हँडब्रेक एक, डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती एक. स्टिअरिंगही एकच, आणि ते उजवीकडे. नाथाच्या वाट्याला यातले दोन पेडल आणि एक आरसा आला होता.

हिला गाडी म्हणायचं का, इथपासून त्याची तक्रार होती. पस्तीस वर्षं त्याने दहाचाकी चालवली होती. ही तर दहाचाकीच्या ताडपत्रीखाली झाकून नेता आली असती. त्यातून डावी सीट. डावी सीट क्लीनरची. त्याने तिथे बसून पेंगायचं, शिव्या खायच्या, अवघड जागा आली की उतरून मागे बघायचं आणि ढाबा आला की पाण्याची बाटली भरून आणायची. नाथाने त्या सीटवरच्या किती पोरांचा उद्धार केला होता ते त्यालाही आठवत नव्हतं. आता त्या सीटवर तो स्वतः होता, आणि लोक त्याला ‘सर’ म्हणत होते.

साठी जवळ आली तसं ट्रान्सपोर्टच्या मालकाने त्याला गाडीवरून उतरवलं. मग पेणकरपाड्यात घराजवळच्याच एका टॉवरवर वॉचमनकी धरली. तिथला सेक्रेटरी रिव्हर्स घेताना रोज खांबाला टेकायचा. नाथाने त्याला सलाम ठोकायचं नाकारलं आणि बैलगाडी घ्यायचा सल्ला दिला. नंतर घोडबंदरकडच्या एका गोदामात खोकी मोजायचं काम मिळालं. तिथे आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला गाडी कशी लावायची ते सांगता सांगता खोकी मोजायची राहून गेली. घरी बसला तर बायकोला, द्वारकाला, भाकरी कशी थापायची ते शिकवू लागला. द्वारका तेव्हा चार घरचा स्वयंपाक उरकून आलेली असायची.

“ही तिसरी,” नव्या नोकरीच्या दिवशी ती म्हणाली. “हीपण सोडलीत तर घरी बसा, माझं काही म्हणणं नाही. पण तोंड बंद ठेवून बसायचं. मला जमेल तसला नवरा. तुम्हाला जमतंय का बघा.”

नाथाने प्रामाणिकपणे विचार केला. जमणार नव्हतं.

मोटार ट्रेनिंग स्कूल केबिन रोडवर होतं आणि मालक होता सुयोग. सुयोगच्या आजोबांची मिठागरं होती. नातवाकडे तीन छोट्या गाड्या, एसीचं ऑफिस आणि एक गॉगल होता. याने कधी घाट पाहिला नसणार, असं नाथाचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

शिकवायची एकच रीत नाथाला माहीत होती. तो स्वतः शिकला तेव्हा उस्तादाने त्याला दोन वर्षं स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. त्यामुळे हेमाली पहिल्यांदा आली तेव्हा त्याने तिच्या हातात टॉमी दिली, म्हणजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा.

“हे काय?”

“टायर ठोका. आवाजावरून हवा कळते.”

“काका, हवा पंपावर बघतात.”

“मग गाडीपण पंपवाल्याकडेच शिका.”

हेमाली बँकेत होती, चाळिशीची, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे न जाणारी. तिने चारही टायर ठोकले. “सगळे ठक्क म्हणाले. आता बसू का, की छपरावर चढून ताडपत्री बांधू?”

रस्त्यावर नाथाचा कोणावरच भरवसा नव्हता. रिक्षावाल्यांवर नाही, स्कूटरवाल्यांवर नाही, उजवीकडे बसलेल्या बँकेवर तर मुळीच नाही. पेडल एकमेकांना जोडलेले असतात. डावीकडचा दाबला की उजवीकडचाही खाली जातो. हेमालीच्या मनात ब्रेक यायच्या आत नाथाचा पाय तिथे पोचलेला असायचा. क्लचही तोच दाबायचा आणि तोच हळूहळू सोडायचा. गाडी लोण्यासारखी चालायची. हेमालीला वाटायचं, आपल्याला छान येतंय. नाथाला वाटायचं, बाई नुसतं चाक धरून बसलीय, जत्रेतल्या पाळण्यातल्या पोरासारखी.

टेस्टच्या दिवशी डाव्या सीटवर इन्स्पेक्टर बसला आणि नाथाला खाली उतरावं लागलं. हेमालीने क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरने दार उघडलं आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

हेमाली तिथून थेट ऑफिसात आली. नाथा मागोमाग होताच.

“सुयोग, मला आज कळलं,” ती म्हणाली. “मी इतके दिवस गाडी चालवलीच नाही. हे चालवत होते.”

“मी चालवत होतो म्हणून इथे उभ्या आहात,” नाथा म्हणाला.

“मी काय क्लीनर वाटले तुम्हाला?”

“क्लीनर परवडला. तो उलट बोलत नाही.”

सुयोगने गॉगल काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाच्या दोन्ही पेडलांना वायर लावलेली होती आणि सीटखाली एक बझर होता.

“पाय पडला की हा वाजणार,” सुयोग म्हणाला. “ह्यांना डोंगरीचा चढ करवून आणा. कोणी आडवं आलं तर दाबा, ते वेगळं. पण नुसता धीर सुटला म्हणून वाजला, तर उद्यापासून येऊ नका, नाथाकाका. ताई मला सांगतील.”

“गाडी मागे गेली तर?”

“हँडब्रेक त्यांच्याही हाताशी आहे.”

“शाबास. मिठागरात बऱ्याच गाड्या चढवलेल्या दिसतायत तुम्ही.”

सुयोग हसला. “वाजवू नका, एवढंच करा.”

डोंगरीपर्यंत नाथाने पाय आखडून धरले आणि जिभेवर सगळा भार टाकला. समोरच्या टेम्पोवाल्याची, दुभाजक बांधणाऱ्याची आणि हेमालीच्या गेर टाकण्याची त्याने यथासांग संभावना केली. “हळू. गेर आहे तो, खलबत्ता नाही.”

चढाच्या मध्यावर पुढच्या रिक्षाने थांबून मासळीच्या टोपल्या उतरवायला घेतल्या. त्यांचं पाणी रस्त्यावरून खाली वाहत आलं. हेमालीने ब्रेक दाबला. मागे बस येऊन उभी राहिली. रिक्षा निघाली, हेमालीने ब्रेकवरचा पाय उचलला, क्लच झटकन सोडला, इंजिन बंद पडलं, तिने पुन्हा क्लच दाबला आणि गाडी मागे घसरू लागली.

नाथाचा पाय पेडलवर जाऊन टेकला. दाबायचा तेवढा बाकी होता. बंद तोंडाने घरात बसलेला नाथा त्याला स्पष्ट दिसला. त्याने दोन्ही पाय उचलले आणि जेवायला बसल्यासारखी सीटवर मांडी घातली.

“काका?”

“माझ्याकडे काय बघता? मी क्लीनर आहे.”

हेमालीने खसकन हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ओ मास्तर, ब्रेक काय शोभेला दिलाय? झोपलास काय क्लीनरच्या सीटवर?”

याला द्यायची उत्तरं नाथाजवळ पस्तीस वर्षांची साठलेली होती. त्याने दार उघडलं. कडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाच्या मागे ठेवला, चाकापासून एक वीत सोडून.

“दगडाला लागली तर शिकवणी बंद,” तो खिडकीशी येऊन म्हणाला. “क्लच हळू सोडा. पुढचं तोंड उचललं की हँडब्रेक खाली. माझी वाट बघू नका, मी बाहेर आहे.”

“इतके दिवस हेच सांगायला काय झालं होतं?”

गाडी सोडताना क्लीनर मारतो तशा नाथाने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

इंजिन सुरू झालं. गाडीचं तोंड किंचित वर आलं, हँडब्रेक पडला, चाक दगडाकडे सरकलं, थांबलं आणि मग गाडी चढू लागली. ती वरच्या सपाटीला जाऊन उभी राहिली. बसवाला हॉर्न वाजवत होता. नाथा रस्त्यात उकिडवा बसला. ओल्या चाकाचा ठसा जिथवर मागे आला होता, तिथे त्याने बोटं ठेवली.

ठसा आणि दगड यांच्यात तीन बोटं अंतर होतं.