पंचफुलाच्या छातीतला निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे. प्रथिनाचा बनलेला, आणि वय नऊ दिवस. हसू नका मित्रांनो, आमच्यात हे म्हातारपणच आहे.

माझा जन्म सौंसरच्या पंचफुलाच्या छातीत, श्वासाच्या स्नायूतल्या एका पेशीत झाला. पेशीच्या आत मला घडवले, बाहेरच्या भिंतीपाशी पोचवले आणि भिंतीत आरपार रोवले. डोके बाहेर, पाय आत. मज्जातंतू 'श्वास घे' असा निरोप माझ्या डोक्यावर टाकी, मी तत्काळ दार उघडी आणि स्नायू आकसे. माझे काही भाऊबंद पेशीच्या पार आत, केंद्रकात राहतात. त्यांचे निरोप भिंतीतून झिरपत त्यांच्यापर्यंत जातात. त्या घरकोंबड्यांना मी फार हिणवले. आपण वेशीवरचे, असा माझा तोरा होता.

१९५६ साली राज्यांची नवी वाटणी होऊन तीनच दिवस झाले होते; सौंसर एका राज्यात राहिले, नागपूर दुसऱ्यात गेले. दुपारी कापूस वेचताना पंचफुलाच्या पायाला नाग चावला. नवरा चिंधू तिला पाठीवर घेऊन घरी धावला.

"बाबा, मोटारीनं नागपूरले नेतो इले," तो धापा टाकत म्हणाला.

सासरे बापूजी ओट्यावर बसले होते. "थांब ना बे. नागपूर आता आपल्या राज्यात हाय का? तिथचा डाक्टर काऊन हात लावन? आधी निंबाचा पाला चार. गोड लागला त जहर चढलं समज."

पंचफुलाने पाला चावला. "कडू लागते, मामाजी. पन डोळे जड होऊन राह्यले."

"कडू लागते म्हंजे जहर नाही. डोळे भेवानं जड झाले."

चिंधूला हायसे वाटले. नागपूरला जाणारी प्रवासी मोटार त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

जिभेवरच्या निरोप्यांनी खरे तेच सांगितले, त्यांना दोष कसा देऊ? नागाचे विष त्यांच्या वाटेला जातच नाही. ते आम्हाला शोधते. रक्तातून आले आणि माझ्या उघड्या डोक्यावर, नेमके निरोपाच्या जागेवर, ठाण मांडून बसले. आत राहणाऱ्यांना त्याने बोटही लावले नाही, कारण भिंत ओलांडणे त्याला जमत नाही. ज्या जागेचा मला गर्व, तीच नडली.

मज्जातंतू निरोपावर निरोप टाकत होता. मी काही घेऊ शकत नव्हतो. पापण्या मिटल्या, मग जीभ लुळी पडली, मग आमचा स्नायू ढिला पडू लागला. हृदयातले निरोपे वेगळ्या जातीचे, त्यांच्यापुढे विषाचे काही चालले नाही. बापूजींनी तिचे मनगट धरले.

"नाडी चालू हाय. झोप लागली बिचारीले. झोपू द्या."

त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला, की काय सांगू! पण माझे ऐकतो कोण?

मित्रांनो, साप चावलेल्या माणसाची पाला चारून परीक्षा घेऊ नका. दवाखाना ज्या राज्यात असेल त्या राज्यात असो, त्याला लगेच घेऊन जा.

पंचफुला झोपलेली नव्हती. तिचे कान शाबूत होते. घरातले सगळे हळू बोलत होते, तिची झोपमोड होऊ नये म्हणून. ते तिने शेवटपर्यंत ऐकले.