मी शिवकन्येचा श्वास झाले होते

मित्रांनो, मी एक जुनी अंबू बॅग आहे. नाव ऐकून हसू नका. रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येईनासा झाला की जो रबरी फुगा दाबून दाबून त्याच्या छातीत हवा भरतात, तो फुगा म्हणजे मी. कारखान्यातून आले तेव्हा नवी कोरी होते. आता परभणीच्या एका दवाखान्यात कपाटाच्या खालच्या खणात धूळ खात पडलेली असते. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

राणीसावरगावच्या शिवकन्येला जीपमधून आणलं ती दुपार मात्र मी विसरले नाही. आदल्या आठवड्यात तिला जुलाब झाले होते. ते थांबले आणि दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या. घरच्यांनी तेल चोळलं, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. तोवर लुळेपणा पायांतून हातांत आणि हातांतून छातीपर्यंत, पार पापण्यांपर्यंत चढला. डॉक्टर म्हणाले, जुलाबाच्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडली आहे. इलाज आहे, पण वेळ लागेल. तोवर श्वास तुटता कामा नये.

श्वासाचं यंत्र दुसऱ्या रुग्णाला लावलेलं होतं. मग तिच्या घशात नळी घातली, नळीला मला जोडलं आणि तिच्या नवऱ्याच्या, योगीराजच्या हातात दिलं. तो दाबायचा, तिची छाती वर यायची. एवढाच तिचा जीव उरला होता.

सासू कमलबाई उशाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डोळं बी उघडंना. कशाला पोरीचं हाल करायलास? जीव हाय तवर घरी नेऊ. आपल्या उंबऱ्यात तरी जाईल."

बाई दुष्ट नव्हत्या, पदराने सुनेचं तोंड पुसत होत्या. पण योगीराजची बोटं ढिली पडली. मी अर्धीच दाबली गेले, छाती अर्धीच वर आली. मी घाबरून गेले. ओरडावं म्हटलं तर मला आवाज कुठला?

"मावशी, तिला ऐकू येतंय," रोहिणी सिस्टर म्हणाली. तिने अंगठ्याने शिवकन्येच्या पापण्या वर धरल्या. "शिवकन्या, ऐकू येत असंल तर वर बघ."

बुबुळ हललं नाही. योगीराजचा हात थांबला.

"दाबा," सिस्टर म्हणाली.

त्याने दाबलं. पुन्हा दाबलं. मग बुबुळ हळूच वर गेलं. सिस्टरने पुन्हा सांगितलं, ते पुन्हा वर गेलं.

कमलबाईंनी मला लेकाच्या हातातून काढून घेतलं. "सरक. तुजा हात थांबायलाय." यंत्र मोकळं होईपर्यंत त्यांनी मला कुणाच्या हाती दिलं नाही. दाबता दाबता सुनेशी बोलत राहिल्या. म्हैस याली, पारडी झाली, पिंगळी गावची मावशी तुला बघायला निघालीय.

कित्येक आठवड्यांनी शिवकन्येच्या घशातली नळी निघाली. घोगऱ्या आवाजात ती पहिल्यांदा सासूशीच बोलली, "आत्याबाई, उंबऱ्याचं बोललाव तवा मी लय ओरडले. कुणालाच ऐकू गेलं न्हाई."

कमलबाई पायथ्याशी सरकल्या. सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मित्रांनो, मला धुऊन, तपासून जागेवर ठेवत जा. आजारपणानंतर दोन्ही पायांना मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली तर तेल चोळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि निपचित पडलेल्या माणसाच्या उशाशी तो ऐकतोय असं समजूनच बोला.