पिवळ्या चौकटीतली गाडी

फ्रेमवाल्याचा एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता: वस्तू चौकटीत बसवली की काळजी मिटली. लोकांच्या आजोबांचे फोटो, पोरांची प्रमाणपत्रं, एका गिऱ्हाइकाने तर आपली उपटलेली अक्कलदाढ आणली होती, सगळं त्याने काचेमागे नीट बसवून दिलं होतं आणि बारा वर्षांत एकही वस्तू चौकटीतून पळून गेल्याची तक्रार आली नव्हती.

त्यामुळे घरासमोर उभ्या केलेल्या नव्या गाडीच्या दारावर चौथ्याच दिवशी कोणीतरी हातभर लांब ओरखडा काढला, तेव्हा चूक कुठे झाली हे त्याला लगेच कळलं. गाडीला चौकट नव्हती.

कॅमेरावाला आला, शिडी लावली, भिंतीवर कॅमेरा ठोकला आणि फ्रेमवाल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या फोनवर समोरचा रस्ता दिसू लागला. कॅमेरावाल्याने पडद्यावर बोटाने गाडीभोवती एक पिवळी रेघ ओढली.

"हे बघा साहेब, या पिवळ्या चौकटीत काहीही हललं की तुमचा फोन वाजणार."

"गाडी हलली तरी?"

"गाडी हलली तर फारच वाजणार."

फ्रेमवाल्याने मान तिरकी करून बराच वेळ बघितलं. "तिरकी दिसतेय. आणि मागची बाजू कापली गेलीय."

"कॅमेरा वळवून देतो."

"कॅमेरा बरोबर आहे. गाडी चुकलीय."

पुढचा दीड तास गाडी वीतभर पुढे, दोन बोटं मागे, अशी चालली. पुढचे कित्येक दिवस तिचा तोच सर्वांत लांबचा प्रवास ठरणार होता. अखेर डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं आणि वरच्यापेक्षा खाली थोडी जास्त मोकळी जागा सुटली. खाली जास्त सोडावीच लागते, नाहीतर चित्र घसरल्यासारखं वाटतं, हे त्याने कॅमेरावाल्याला समजावून सांगितलं. कॅमेरावाल्याने शिडीवरूनच हो म्हटलं, कारण त्याला खाली उतरून घरी जायचं होतं. मग फ्रेमवाल्याने चारही चाकांभोवती पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. दुसऱ्या बाजूने गाडी दिसावी म्हणून दुसरा कॅमेरा आला. या दोघांवर नजर कोण ठेवणार, म्हणून तिसरा.

आता गाडी पूर्ण सुरक्षित होती. अडचण एवढीच होती, की तिच्यातून कुठे जाता येत नव्हतं. फ्रेमवाला बसने दुकानात जाऊ लागला.

"दारात गाडी आणि तू बसने?" बायकोने विचारलं.

"लोकांकडे दागिने असतात. ते काय रोज घालून भाजी आणायला जातात?"

बायको नर्स होती. चार वर्षं अर्ज करकरून तिला एकदाची फिरत्या नर्सची जागा मिळाली होती. पाच गावांतल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन मलमपट्टी, इंजेक्शन, विचारपूस. ती घरात ही गोष्ट सांगताना उभी राहून सांगायची. अट एकच होती: महिन्याअखेर गाडीचं लायसन्स दाखवायचं. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

"मला गाडी शिकायचीय," ती म्हणाली.

"शीक की," फ्रेमवाला मोठ्या मनाने म्हणाला. "गाडी कुठे पळून चाललीय?"

त्याचा शब्द किती खरा आहे, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

शिकवायला बायकोचे मामा आले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. गाडी हलवायची नाही, चालूही करायची नाही, कारण हादऱ्याने पिवळी चौकट ओरडते, हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला; मामांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

"निवृत्त झाल्यावर सहा महिने मी घरातल्या खुर्चीवर बसून गिअर टाकत होतो," ते म्हणाले. "त्यापेक्षा ही बरी. हिला आरसे तरी आहेत. बस पोरी. इंजिन मी करतो."

आणि त्यांनी तोंडाने इंजिन चालू केलं. पहिल्या गिअरचा आवाज वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. चौथ्यात मामांना ठसका लागायचा, म्हणून बायको शक्यतो तिसऱ्यातच चालवायची. रोज संध्याकाळी पाच ते सात दोघं जाऊन यायची. मामा डोळे मिटून रस्ता सांगायचे, "वळण आलं, इंडिकेटर दे, आता चढ आहे, अगं ब्रेक! कुत्रं!" बायको कचकन ब्रेक दाबायची. मागच्या सीटवर फ्रेमवाल्याच्या सासूबाई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, बसायच्या. त्या म्हणाल्या होत्या, नाहीतरी मी घरात बसूनच असते. तिसऱ्या दिवसापासून त्यांना गाडी लागू लागली.

"दादा, तिला हळू घ्यायला सांग रे. पोटात ढवळतंय."

"घाट आहे गं. घाटात ढवळणारच. लिंबू हुंग."

एकदा एका भल्या माणसाने खिडकीवर टकटक करून पुढच्या चौकापर्यंत सोडाल का, असं विचारलं. मामांनी जागा दिली. दहा मिनिटं तो सासूबाईंशी हवापाण्यावर बोलला, मग "बस, इथेच उतरतो" म्हणून उतरला, आभार मानले आणि चौकाच्या दिशेने चालत गेला.

तीन आठवड्यांत बायकोचा हात चांगलाच बसला. फ्रेमवाला दुकानात बसून फोनवर बघायचा आणि त्याला भरून यायचं. गाडी रेघेच्या केसभरही बाहेर जात नव्हती.

परीक्षेची तारीख आली गुरुवारी, सकाळी अकराची. कागदावर लिहिलं होतं, स्वतःची गाडी घेऊन येणे. फ्रेमवाल्याने ते वाक्य चार वेळा वाचलं. मग तो बुधवारी, तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्रीकरण घेऊन, स्वतःच लायसन्सच्या ऑफिसात गेला.

"बेचाळीस तासांचं ड्रायव्हिंग आहे, साहेब," त्याने अधिकाऱ्यासमोर फोन ठेवला. "एकही अपघात नाही. तीन बाजूंनी बघा."

अधिकारी कामात चोख होता. त्याने चष्मा लावून पंधरा मिनिटं बघितलं. "इंडिकेटर वेळेवर देतायत. आरसा बघतायत. लेन तर अजिबात सोडलेली नाही." मग तो जरा पुढे वाकला. "पण गाडी पुढे जाताना दिसत नाहीये."

"बायकोचा स्वभावच शांत आहे."

"ते ठीक. पण उद्या अकराला गाडी इथे पाहिजे. नाही आली, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी."

"तुम्हीच आमच्याकडे आलात तर? मागच्या सीटवर जागा आहे. फक्त सासूबाईंना खिडकी लागते."

अधिकाऱ्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा इंजिनचा आवाज आला नाही. सासूबाई लिंबू हातात घेऊन नुसत्याच बसलेल्या.

"तीन महिन्यांनी जा ना," फ्रेमवाला म्हणाला. "तोपर्यंत हात आणखी साफ होईल."

"तीन महिन्यांनी ती जागा दुसऱ्या कोणाची असेल," बायको म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "गाडीच्या दाराला ओरखडा पडू नये म्हणून तू माझी नोकरी भिंतीला टांगतोयस. कळतंय का तुला?"

"बाहेर लोक कसे चालवतात, तू बघितलंयस? आणि एकदा गाडी निघाली की पुन्हा ती चार बोटं, चार बोटं कोण जमवणार? उद्याचं उद्या बघू."

"तू बघशीलच. तीन कॅमेरे आहेत."

गुरुवारी सकाळी तो दुकानात गेला. किल्ली त्याने दिली नाही आणि नेलीही नाही. खिळ्यावर तशीच राहू दिली.

सव्वादहाला तो एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या मानपत्रावर काच बसवत होता. बाई समोर स्टुलावर बसून काचेवरचे बोटांचे ठसे मोजत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, असा वाजला की बाईंची मोजणी चुकली. पडद्यावर पिवळी चौकट लाल झाली होती. ड्रायव्हरच्या सीटवर बायको, नर्सचा पांढरा कोट घालून. शेजारी मामा. मागे सासूबाई. खाली एक गोल बटण लुकलुकत होतं: भोंगा. कॅमेरावाला म्हणाला होता, भोंगा वाजला की चोर जागच्या जागी थिजतो.

फ्रेमवाल्याने अंगठा बटणावर धरला. एकदा दाबलं असतं तर बायको दचकून थांबली असती, माणसं जमली असती, अकरा वाजून गेले असते आणि गाडी तिथेच राहिली असती, चार बोटं, चार बोटं.

गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू झाली. बायकोने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि मागे घेऊ लागली. आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात फ्रेमवाल्याला दिसलं, की गाडीच्या मागे गुडघ्याएवढा लोखंडी खुंट आहे. तो आरशात दिसण्याइतका उंच नव्हता. आजवर तो दिसण्याची गरजही पडली नव्हती.

अंगठा आपोआप बाजूच्या, कॅमेऱ्यातून बोलायच्या माइकच्या बटणावर गेला.

"थांब!" घराची भिंत ओरडली.

गाडी थांबली. सासूबाईंनी खिडकीतून मान काढून भिंतीकडे बघितलं. "अगंबाई! जावईबापू भिंतीत गेले की काय?"

"मागे खुंट आहे," भिंत म्हणाली. "क्लच हळू सोड. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. पूर्ण म्हटलं मी. हां. आता ये. ये. ये. एक वीत आहे अजून... चार बोटं... तीन... बस! आता पुढे."

"मामा, तुम्ही आवाज बंद करा," बायको गाडीत म्हणाली. "इंजिन खरंच चालू आहे."

"सवय गं पोरी."

दुकानात मुख्याध्यापिकाबाई स्टुलावरून उठून त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय चाललंय?"

"बायको गाडी चोरतेय."

बाईंनी चष्मा सावरला. "बरी चोरतेय की. आता सरळ करायला सांगा तिला."

"आता सरळ कर!" फ्रेमवाला ओरडला.

गाडी सरळ झाली. मग पुढे गेली. आधी तिचं नाक चौकटीतून गेलं, मग दार, मग सासूबाईंचा लिंबू धरलेला हात. पडद्यावर रिकामा रस्ता उरला आणि त्याच्या मधोमध चार पांढऱ्या खुणा. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सगळीकडे नुसती मोकळी जागा.

सातव्या मिनिटाला फोन पुन्हा वाजला. सामान पोचवणारी एक व्हॅन त्या जागेत घुसत होती.

"जागा भरलेली आहे," भिंत म्हणाली.

व्हॅनवाल्याने काच खाली केली. चारी बाजूंना बघितलं. "कुठाय?"

व्हॅनवाला एक पार्सल देऊन निघून गेला, पण असं दिवसभर भिंतीतून जमणारं काम नव्हतं. त्याने मुख्याध्यापिकाबाईंना मानपत्र गुंडाळून दिलं, दुकानाचं शटर ओढलं, बस पकडली, घरासमोर आला आणि गाडीच्या जागेत जाऊन उभा राहिला. साडेबारा वाजले. एक वाजला. त्याने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं, तर चौकटीत तोच हलला होता.

दीड वाजता भिंत बोलली. आवाज बायकोचा होता.

"पास!"

समोरच्या तीन खिडक्या उघडल्या.

"एका फटक्यात पास!" भिंत सांगत होती. "अरे, गाडी पुढे जाते! घरं मागे जातात, झाडं मागे जातात, सगळं मागे जातं! आईने लिंबू फेकून दिलं, म्हणाली आता बरं वाटतंय. आणि ऐक, दवाखान्यातून म्हणाले, सोमवारपर्यंत कशाला थांबता, आजपासूनच या. पहिल्या आजीबाईंच्या घरी निघालेय. सहापर्यंत येते."

फ्रेमवाल्याला बोलायचं होतं, पण भिंतीशी कसं बोलतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याने दोन्ही हात वर करून हलवले.

"दिसतोयस," भिंत म्हणाली. "तू तिथे काय करतोयस?"

त्याने खाली जमिनीकडे बोट दाखवलं.

"कळलं. पण जरा डावीकडे सरक. मधोमध नाहीयेस."

तो चार बोटं डावीकडे सरकला. तेवढ्यात एक मोठी निळी गाडी हळू होत त्याच्याजवळ येऊन थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "निघताय का?"

"नाही," फ्रेमवाला म्हणाला. "सहापर्यंत आहे."