तोंड पुसलेली पोर

सारजाआत्या नातीच्या तोंडाकडं बघेनाशा झाल्यात, हे घरात सगळ्यांत आधी रोहिणीच्या लक्षात आलं.

तशा बघायच्या, पण कानाकडं, नाहीतर खांद्याच्या वर. तीन वर्षांची छकुली "आज्जे, माज्याकडं बघ की" म्हणत पुढ्यात आली, की सासूबाई मान कलती करून तिच्या मागं कुणी उभं असल्यासारख्या बघत राहायच्या. मग बिरोबाचा भंडारा तिच्या कपाळाला लावायला जायच्या. कपाळ चुकायचं. हळद कधी भुवईवर, कधी केसांत.

भवानीनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम संपून महिना झाला होता, चिमणी थंड पडली होती. तरी आत्या हवेतली काजळी हातानं झटकत. नसलेली काजळी.

"आईचं वय झालंय," रोहिणीनं हे सांगितल्यावर तिचा नवरा दादासो म्हणाला. "तुझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईनं भुतं बघावीत व्हय?"

तो ड्युटीवर गेला. ऊन टळटळीत होतं. रोहिणी वाळलेले कपडे घेऊन आत आली आणि देव्हाऱ्यापाशी आत्यांचा दबका आवाज ऐकून दारातच थबकली.

"पोरीचं तोंड पुसाया लागलास, देवा. मागं नाक तरी दिसत हुतं, आता तेबी न्हाय. सोड तिला. माझा जीव घे."

कपडे तिथंच पडले. तिनं छकुलीला उचललं, उजेडात नेलं. नाक, डोळे, हनुवटीवरचा तीळ. सगळं जागच्या जागी. तरी तिची बोटं पुन्हा पुन्हा त्या तोंडावरून फिरत राहिली. कऱ्हाटीला माहेरी निघून जावं, आत्ताच, या विचारानं तिनं पिशवीही ओढली. पण पोरीला काय होणार आहे हे न विचारता जायचं तरी कसं?

"आत्या, काय दिसतं तुम्हाला?"

"नगं इचारू. बोललं की खरं हुतं."

"माझी पोर आहे ती. सांगा."

आत्यांनी पदर चाचपला. "आमच्या माळावर म्हणायचे, ज्याचं तोंड पुसल्यावानी दिसतं, त्यो वरीस काढत न्हाय. पोरीच्या तोंडाजागी नुसता काळा गोळा हाय गं. म्हून म्या गोळ्या देवाला सोडल्या. शुगरच्या बी, बीपीच्या बी. म्हटलं, मला ने आन् तिला ठेव."

रोहिणीनं भंडाऱ्याच्या वाटीत बोट घातलं, तर खाली गोळ्याच गोळ्या लागल्या.

तिच्या मनात काहीतरी जुळू लागलं: चुकणारं कपाळ, नसलेली काजळी, सोडलेल्या शुगरच्या गोळ्या. ती आत्यांच्या समोर बसली. "माझं तोंड दिसतं?"

इतके दिवस दुसऱ्या कुणाकडं नीट बघायचा आत्यांना धीरच झाला नव्हता. आता त्यांनी बघितलं. "पोरी... तुझंबी न्हाय."

रोहिणीचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडं गेला. मग तिनं देव्हाऱ्यातला चांदीचा टाक उचलून त्यांच्यासमोर धरला. "आणि बिरोबाचं?"

आत्यांनी तो जवळ घेतला, लांब धरला, उजेडाकडं वळवला.

"देवालाबी तोंड न्हाय गं!"

"मग देवबी मरणार हाय का, आत्या?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांनी बारामती गाठली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, बॅटरीच्या उजेडात आत बघितलं, बीपी मोजलं आणि पुन्हा मोजलं. म्हणाले, शुगरनं पडद्याच्या नसा आधीच झिरपत होत्या, बीपी चढलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. उजव्याची आशा कमी. डावा वाचेल; पुण्यात लेसर करू. पण गोळ्या आजपासून, एकही चुकवायची नाही.

"म्हंजी पोरीला काय न्हाय?" आत्यांनी विचारलं.

"पोरीला काय व्हायचंय? तुमचे डोळे आजारी आहेत, आजी."

घरी आल्यावर रोहिणीनं पाण्याचा तांब्या आणि गोळी पुढं केली, तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"देवाला सोडलेलं माघारी घ्यू? डाक्टरला काय ठावं, म्या काय कबूल केलंय त्ये? त्यानं पोरीला सोडलीया. आता म्या शब्द फिरवला तर?"

"आत्या, त्यानं पोरीला धरलंच कधी होतं?"

"आन् धरलं असलं तर?"

रोहिणीकडं उत्तर होतं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलेलं, तिला नीट समजलेलं. तरी हात जागीच थांबला. कोपऱ्यात छकुली पालथी झोपली होती, तोंड गोधडीत. नुसते केस दिसत होते.

रोहिणी उठली. पोरीला हळूच सुलटं केलं, तोंडावरची गोधडी काढली. मग माघारी येऊन आत्यांच्या ओठांशी गोळी धरली.

"घ्या. शब्द मी मोडतेय, तुम्ही नाही. त्याला म्हणावं, माझ्याशी बोल."

आत्यांनी तोंड उघडलं. गोळी गिळल्याचा आवाज आला. रोहिणी पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली, पापणी न लवता, उजेड कमी होत गेला तरीही.