ओढ्यापलीकडचा मासा

नेटा गिलफिलनने क्लबाच्या हॉलमधल्या रेडिएटरला बुटाच्या टोकाने एक लाथ मारली, कान लावून ऐकलं, मग दुसरी, जरा अध्यक्षपदाला शोभेल अशी, हलकी लाथ मारली. रेडिएटर दोन्ही वेळा गारच राहिला.

"बॉयलर गेला," खजिनदार वॉटी प्रिंगल दारातूनच म्हणाला. अंगावरचा कोट काढायची त्याची तयारी नव्हती. "मेकॅनिक म्हणतो, रस्त्यावर एवढा बर्फ आहे, आज जमेल असं वाटत नाही. उद्या बघू."

"उद्या कवीचा वाढदिवस नाहीये, वॉटी."

"मी तेच सांगितलं त्याला. तो म्हणाला, कोणता कवी?"

इन्व्हरक्रॅनी गावाला कवी एकच, एबल टॉश. पण क्लब दोन. टॉश ओढ्याच्या उत्तरेकडच्या पिठाच्या गिरणीत जन्मला की दक्षिणेकडच्या चामड्याच्या कारखान्यात, यावरून आजोबांच्या पिढीत भांडण झालं आणि मंडळ दुभंगलं. स्वतः टॉशने तरुणपणीच गाव सोडलं आणि 'या गावात माझं प्रेतसुद्धा आणू नका' अशा अर्थाची एक लांबलचक कविता लिहिली. ती कविता दोन्ही क्लब कधीही वाचत नाहीत. साहित्याच्या बाबतीत त्यांचं एकमत आहे ते एवढ्यावरच.

बाकी सगळं दोनदा. मार्चमध्ये शाळकरी मुलांच्या पाठांतराच्या दोन स्पर्धा. मुलं तीच, बक्षिसं वेगळी. जूनमध्ये कवीच्या पडक्या झोपडीकडे दोन सहली. सकाळी उत्तरवाले जातात, ते निघाले की दक्षिणवाले येतात आणि आधीच्यांनी टाकलेला कचरा मोजतात. शरद ऋतूत निवडणूक होते आणि तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसतात. आणि जानेवारीत, कवीच्या वाढदिवशी, धुरावलेल्या हॅडॉक माशाची मिरवणूक. चांदीच्या ताटात मासा, पुढे बॅगपाइप वाजवणारा लॅची, मागे अध्यक्ष. मग अध्यक्षांनी कवीची माशावरची कविता तोंडपाठ म्हणायची आणि शेवटच्या ओळीला सुरी माशात घुसवायची.

उत्तर क्लबाचं हे जेवण आजवर एकदाही चुकलं नव्हतं. युद्धात हॅडॉक मिळेना, तेव्हा डबाबंद सार्डिन माशांची मिरवणूक काढली होती. ते नेटाच्या कारकिर्दीत चुकणार, आणि तेही ओढ्यापलीकडे जेवण थाटात चालू असताना! पलीकडची अध्यक्ष होती एफी, नेटाची सख्खी धाकटी बहीण. लग्न करून ती पुलापलीकडे गेली तेव्हापासून ख्रिसमसला दोघी एकत्र जेवत, कवीच्या वाढदिवशी मात्र कधीच नाही.

"एफीबाईंना फोन लावू का?" वॉटीने खिशात हात घालत विचारलं.

"त्यापेक्षा मी गारठून मरेन."

"तुम्ही मराल हो, अध्यक्षबाई. पण लॉरिमर आजी नव्वदीच्या आहेत. त्या तुमच्या आधी नंबर लावतील."

नेटाने फोन हिसकावून घेतला. पलीकडे एफीने सगळं ऐकून घेतलं. मग भांडी आदळल्याचा आवाज आला.

"जेवायला येताय, की नुसते शेकायला?" एफीने विचारलं.

"मासा आम्ही आमचा आणू."

"आणा बाई. आमच्या माशाने तुमचं पोट बिघडायला नको."

उत्तरवाले बर्फातून, एकमेकांचे दंड धरून, पूल ओलांडून गेले. ताट नेटाने स्वतः धरलं होतं, वर विणलेला रुमाल झाकून. पलीकडच्या दाराशी लॅची पाइप फुगवून तयारच उभा होता. दरवर्षी तो आधी उत्तरेत वाजवायचा, मग गुडघे सांभाळत पूल ओलांडून दक्षिणेत वाजवायला पळायचा, आणि त्याचं जेवण म्हणजे पुलाच्या कठड्याला टेकून खाल्लेलं गार सँडविच. गावात दुसरा पायपर नव्हता.

दारात एफी आपलं मिरवणुकीचं ताट घेऊन आली.

"पाहुण्यांनी आधी," ती म्हणाली.

"यजमानांनी आधी."

"तुझा मासा थंड होतोय, नेटा."

"तुझा तर वाळलाय."

शेवटी दोघी एकदमच घुसल्या. दार एका ताटापुरतं होतं. दोन्ही ताटं चौकटीत अडकली, माशांवरची पार्स्लीची पानं जमिनीवर सांडली आणि लॅचीने गालफडं फुगवून जी धून धरली होती तिच्यात मध्येच एक शिंक ऐकू आल्यासारखं झालं. तो हसत होता.

खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं मिसळून बसली. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. मासे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सुरी एकच होती, एफीच्या हातात. तिने ती टोकाकडून धरून मूठ नेटाकडे केली.

"तू म्हण. माझा खांदा धरलाय आज."

सकाळी दारासमोरचा बर्फ एफीने एकटीने फावड्याने ओढला होता. पुलावरून नेटाने स्वतः पाहिलं होतं. तिने सुरी घेतली.

कविता सुरळीत चालली. चौथ्या कडव्यात कवी आपल्या जन्माबद्दल बोलतो, तिथे सगळ्यांनी उठून त्याच्या जन्मस्थळाच्या दिशेने पेला उंचावायचा, अशी दोन्हीकडे रीत. सगळे उठले. उत्तरवाले गिरणीकडे वळले, दक्षिणवाले कारखान्याकडे. पण मिसळून बसल्यामुळे जो तो आपल्या शेजाऱ्याच्या तोंडासमोर आला. पेल्यावर पेला आपटला, कुणाच्या तरी बाहीत व्हिस्की गेली. लॉरिमर आजी म्हणाल्या, "बरं झालं, इतकी वर्षं भिंतीशी चिअर्स करून कंटाळा आला होता." नेटाला पुढचं कडवं आठवेना. एफीने ते खालच्या आवाजात सुरू करून दिलं.

जेवण निम्म्यावर आलं होतं. वॉटी बाहेर फोनवर बोलून आला आणि नेटाच्या कानाशी वाकला.

"मेकॅनिक पोचला तिकडे, ट्रॅक्टरवर बसून. म्हणतो, बॉयलर ठणठणीत आहे. तेलाचा कॉक कुणीतरी बंद केलाय. हाताने, चांगला आवळून."

"दुपारी हॉलमध्ये कोण होतं?"

"कुणीच नाही. लॅची तेवढा, बॅगपाइपचे सूर जुळवायला."

नेटाने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. लॅची गळ्यात नॅपकिन खोचून बसला होता. माशाच्या वाफेने त्याचा चष्मा धुरकटला होता आणि एफी त्याच्या पानात बटाट्यांचा दुसरा डोंगर रचत होती. त्याने चष्मा पुसला, नेटाची नजर पाहिली आणि काटा तोंडाशीच थांबवला. कान हळूहळू लाल झाले.

"चालू करायला सांगू का?" वॉटीने विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षी आपलं आपल्याकडे."

"जुना बॉयलर आहे, वॉटी. उगाच छेडू नकोस म्हणावं."

"अहो, पण मार्चमध्ये मुलांची स्पर्धा..."

"मार्चमध्ये तो आपोआप बरा होईल," नेटाने लोण्याची वाटी लॅचीकडे सरकवली. "जानेवारीत पुन्हा आजारी पडेल."